पर्याय, पर्यायवाची आणि पर्यायोक्ती

भाषेच्या तासाला एक घोटाळा दरवर्षी न चुकता होतो. ‘पर्याय’ आणि ‘पर्यायवाची’ हे दोन शब्द विद्यार्थी एकमेकांच्या जागी खुशाल लिहून मोकळे होतात. मग फळ्यावर मधोमध रेघ ओढून सांगावे लागते: पर्याय म्हणजे एका वस्तूऐवजी पत्करता येईल अशी दुसरी वस्तू, पर्यायवाची शब्द म्हणजे त्याच वस्तूचे दुसरे नाव. जल, नीर, उदक, तोय असे कितीही शब्द पाठ केले तरी घागरीत थेंबाची भर पडत नाही. आमचे महाविद्यालय मराठवाड्यात, बालाघाटच्या रांगांच्या कडेला आहे. तेव्हा हे उदाहरण मुलांना फोडून सांगावे लागत नाही. घागर म्हटले की त्यांना कळते.

हा घोटाळा विद्यार्थ्यांपुरता असता तर अर्धा गुण कापून भागले असते. परंतु गेली पंचवीस वर्षे ‘पर्यायी इंधन’ या नावाखाली महाराष्ट्रात जे चालले आहे, त्याच्या मुळाशी हाच घोटाळा आहे असे माझे मत आहे. नाव बदलले म्हणजे वस्तू बदलली, असे आपण मानून चाललो आहोत.

साहित्य शिकवणाऱ्या बाईने इंधनावर का लिहावे, हा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. उत्तर असे की, हा विषय अभियंते आणि अर्थतज्ज्ञ यांच्यावर सोपवून आपण भाषावाले स्वस्थ बसलो, म्हणूनच त्यातल्या शब्दांची झडती कुणी घेतली नाही. ‘हरित’, ‘जैव’, ‘स्वच्छ’, ‘पर्यायी’ ही विशेषणे आहेत आणि विशेषण नामाला शोभते की नाही हे पाहणे हा तर आपला धंदाच. शिवाय महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा तळी, बंधारे, पाटाचे पाणी हे विषय त्यांना लेखनाबाहेरचे वाटले नव्हते. ते आपल्याला केव्हापासून वाटू लागले?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पाण्याच्या तुटीच्या प्रदेशात उसापासून केलेले इथेनॉल हा पेट्रोलला पर्याय नाही. ते पाण्याचेच एक पर्यायवाची नाव आहे. आणि कोणते इंधन, या प्रश्नाच्या आधी कोणते वाहन आणि कुणाचे पाणी, हे दोन प्रश्न जे राज्य विचारत नाही, त्याला इंधनधोरण आहे असे म्हणता येणार नाही.

१

पेट्रोलऐवजी दुसरे काही जाळण्याची कल्पना आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचा तुटवडा पडला तेव्हा मोटारींच्या मागे भट्ट्या लावून लोणारी कोळशाच्या वायूवर त्या चालवल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, ऊर्जेसाठी मद्यार्क वापरण्यासंबंधीचा कायदा झाला. तो पुस्तकात पडून राहिला आणि २००० साली रद्द झाला. गंमत अशी की, तो रद्द झाला आणि दुसऱ्याच वर्षी ज्या हेतूने तो केला होता तो हेतू पुन्हा जागा झाला. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रातले होते: मनमाड आणि मिरज. मिरजेचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे त्याच्याशी काम आहे.

जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला. महाराष्ट्र त्यात होताच. त्याच सुमारास मोगली एरंडाची लाट आली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के जैवडिझेल घालून चालवून दाखवण्यात आली. पुढच्याच वर्षी नियोजन मंडळाच्या समितीने देशातील लक्षावधी हेक्टर पडीक जमिनीवर मोगली एरंडाची लागवड सुचवली. ‘पडीक’ हा शब्द कागदावरचा. गावच्या हिशेबात ते गायरान असते. तेथे शेळ्या चरतात, जळणासाठी काटक्या मिळतात. मोगली एरंड कमी पाण्यावर जगतो हे खरे. परंतु कमी पाण्यावर तो भरघोस बीही देतो, हे मात्र कुणी पारखून घेतले नव्हते. झाडे जगली, बी आले नाही, खरेदीदारही आला नाही. त्या लाटेचे शवविच्छेदन आपण केले नाही. ती ओसरली एवढेच. शवविच्छेदन न केलेली चूक दुसऱ्या पिकाच्या रूपाने परत येते.

याच काळात एक पर्याय मात्र खराखुरा ठरला, हेही नोंदवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या नैसर्गिक वायूवर आल्या. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे टॅक्सी आणि रिक्षा त्या वाटेने गेल्या. हा वायूही जमिनीखालचाच, आणि त्याचा बराच भाग परदेशातून येणारा. तरीही त्याला मी खरा पर्याय म्हणते, कारण त्या बदलाला एक निश्चित प्रश्न होता (शहरातल्या माणसाच्या छातीत जाणारा धूर) आणि एक निश्चित आरंभ होता (बस, टॅक्सी, रिक्षा). आधी सर्वांचे वाहन, मग एकट्याचे. हा क्रम आपण पुढे सोडला, आणि घोटाळ्याला तेथून सुरुवात झाली.

२

इथेनॉलच्या कथेत २०१८ हे साल निर्णायक आहे. तोपर्यंत इथेनॉल प्रामुख्याने मळीपासून होत असे. साखर काढून घेतल्यावर जे काळे, दाट द्रव्य उरते ती मळी. कारखान्याच्या परिभाषेत तो ‘उपपदार्थ’. या ‘उप’मध्ये सगळी नीती होती: मुख्य काम साखरेचे, उरलेल्याचा उपयोग इंधनाला. उरलेले वाया न घालवणे हा शहाणपणाच होता आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने आणि त्याच वर्षीच्या दरनिर्णयांनी हा ‘उप’ काढून टाकला. साखर अर्धवट काढून ठेवलेल्या ‘बी’ मळीपासून आणि थेट उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला वेगळा, चढा दर मिळू लागला. ज्या क्षणी रस थेट इंधनाकडे वळला, त्या क्षणी इंधन हे उसाचे उरलेले राहिले नाही. ऊस हाच इंधनाचा कच्चा माल झाला. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते. २०२२ मध्ये ते अलीकडे ओढून २०२५-२६ चे केले गेले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठलाही गेला. एवढी मोठी योजना मुदतीच्या आत पुरी झाल्याचे उदाहरण आपल्याकडे विरळा. त्या कार्यक्षमतेचे कौतुक जरूर करावे. परंतु जे इतक्या वेगाने वाहून नेले गेले ते काय होते?

निती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात त्याचे उत्तर आहे. एक टन उसातून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते आणि उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे त्यात नमूद आहे. ही सरासरी आहे. कोल्हापूरच्या पावसाचा ऊस आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) भागातला विहिरीचा ऊस यांचा हिशेब एक नाही, हे मला मान्य. परंतु ही सरासरी कुणा आंदोलकाची नसून योजनेची शिफारस करणाऱ्यांचीच आहे, म्हणून ती घेऊनच बोलू.

मोटारीची ३५ लिटरची टाकी २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलने भरली की त्यात ७ लिटर इथेनॉल असते. ते उसाचे असेल तर त्यामागे २०,००० लिटर पाणी आले.

आता मिरज. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराच्या नळाला पाणी उरले नाही, तेव्हा रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते पाणी भरले गेले मिरजेला. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. अख्ख्या देशाने ती गाडी दूरचित्रवाणीवर पाहिली. वरच्या सरासरीने त्या पाच लाख लिटरांत १७५ लिटर इथेनॉल होते. म्हणजे पंचवीस मोटारींच्या टाक्या. एका शहराची तहान भागवायला निघालेली ती ऐतिहासिक गाडी पंचवीस मोटारींना एकदाच पुरली असती. ज्या मिरजेत इथेनॉलच्या मिश्रणाचा प्रयोग झाला, त्याच मिरजेतून पंधरा वर्षांनी पाण्याची गाडी सुटली. हा निव्वळ योगायोग आहे. त्यात कार्यकारणभाव नाही. परंतु काही योगायोग विसरू नयेत असे असतात.

महाराष्ट्रातील उसाविषयी कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने उसाच्या दरविषयक अहवालात जे लिहिले, तेही येथे सांगणे भाग आहे: पिकाखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस राज्यातल्या सिंचनाच्या सुमारे ७० टक्के पाण्याचा वाटेकरी आहे. आकड्यात थोडे इकडेतिकडे होईल. प्रमाणाची विषमता हटणार नाही. १९९९ साली आलेल्या चितळे आयोगाच्या अहवालाने तुटीच्या खोऱ्यांत उसासारख्या बारमाही पिकाला आवर घालण्यास सुचवले होते. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तो शेतात किती उतरला, हे पाहण्यासाठी कोणत्याही कालव्यालगतच्या फडात एक सकाळ घालवणे पुरेसे आहे. तेथे पाणी अजूनही सरीतून मोकाट वाहते. एका हाताने आवर घालायचा आणि दुसऱ्या हाताने हमखास गिऱ्हाईक उभे करायचे, असे हे आपले जलधोरण.

३

प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय वाद घालणे हे आपल्या परंपरेला शोभत नाही. पूर्वपक्ष भक्कम आहे.

पहिला मुद्दा शेतकऱ्याचा. साखरेचे भाव पडले की कारखान्याकडे उसाची देणी थकत. शेतकरी वर्ष वर्ष खेटे घालत असे. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात आणि त्यातून उसाची देणी भागतात. हे खरे आहे. ज्या शेतकऱ्याच्या मुलीची फी त्या पैशातून भरली गेली, त्याला मी तत्त्वज्ञान सांगायला जाणार नाही. परंतु यातून सिद्ध काय होते? ज्या पिकाला हमखास गिऱ्हाईक, दराची शाश्वती आणि वेळेवर पैसे मिळतात ते पीक शेतकरी घेतो. तूर, ज्वारी, करडई यांना तीच शाश्वती दिली असती तर? मराठवाड्याच्या जमिनीला ऊस आवडतो म्हणून तो तेथे वाढलेला नाही. त्याच्याभोवती आपण कारखाना, बँक आणि राजकारण यांचे कुंपण उभारले म्हणून वाढला. शेतकऱ्याची निवड म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यात निवडायला दुसरे काही ठेवलेलेच नव्हते.

दुसरा मुद्दा परकीय चलनाचा. २०१४ पासून एक लाख कोटी रुपयांहून अधिक चलन वाचल्याचा सरकारचा दावा आहे. तेलासाठी आखाताकडे हात पसरावा लागू नये, ही इच्छा योग्यच. परंतु आखातावरचे अवलंबित्व कमी करून आपण ते कुठे नेले? २०२३ मध्ये पाऊस कमी झाला. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घालण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. म्हणजे पेट्रोलची टाकी आता मृग आणि आर्द्रा यांच्याशी बांधली गेली. आखाताशी निदान करार करता येतो.

तिसरा मुद्दा असा की आता इथेनॉल केवळ उसाचे राहिले नाही. मका आणि तांदूळ यांचा वाटा मोठा झाला आहे. हेही खरे, आणि माझ्या मते अधिक चिंताजनक. २०२४-२५ मध्ये अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी देऊ करण्यात आला. मका निर्यात करणारा हा देश २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात करू लागला. तेल आणायचे नाही म्हणून मका आणायचा, यालाच आधी म्हटलेला पर्यायवाची शब्द म्हणतात.

चौथा मुद्दा ग्राहकाचा. आणि येथे तर ‘पर्यायी’ हा शब्द आपल्या तोंडावर पडतो. पंपावर साधे पेट्रोल मागितले की २० टक्के मिश्रणाचेच मिळते. ज्याच्यापुढे निवड नाही, त्या गोष्टीला पर्यायी म्हणणारी आपली भाषा धन्य होय. मिश्रणाचे पेट्रोल ग्राहकाला स्वस्त पडावे अशी व्यवस्था करावी, असे त्याच निती आयोगाच्या आराखड्याने सुचवले होते. पंपावरच्या दरात ते दिसले नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये या पेट्रोलवरून मोठे वादळ उठले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबरला याचिका फेटाळली गेली. वादाचा विषय काय होता? गाडी लिटरमागे किती कमी पळते आणि रबरी नळ्या झिजतात का. वाहनमालकाची तक्रार रास्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा गाडी थोडी कमी पळणारच. परंतु त्या सबंध वादळात पाण्याचा उच्चार किती झाला? ज्या वर्गाकडे लेखणी आहे, संगणक आहे, न्यायालयात जाण्याची ऐपत आहे, त्या आपल्या वर्गाला कमी झालेले मैल दिसले. आटलेला हापसा दिसला नाही.

४

आता पर्यायोक्ती. जे सरळ सांगायचे ते आडवळणाने, शोभिवंत करून सांगणे असा हा अलंकार. काव्यात तो शोभतो. धोरणात तो आला की सावध व्हावे.

‘अन्नदाता आता ऊर्जादाता’ हे वाक्य गेली काही वर्षे व्यासपीठाव्यासपीठांवरून ऐकू येते. ऐकायला गोड आहे. परंतु ऊर्जा देतो कोण? ऊस आपल्या पायांनी कारखान्यावर चालत जात नाही. तो तोडावा लागतो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरावा लागतो. हे काम करणारी माणसे माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील आहेत. दसरा-दिवाळीनंतर मुकादम येतो. उचल आधीच घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव. अलंकारशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. बीडमध्ये याला व्यवहार म्हणतात. मग सहा महिने फडाकडेची कोपी, पहाटेची तोड, रात्री-अपरात्री येणारी गाडी भरणे. एक दिवस खाडा झाला की दंड. हा खाडा पाळीमुळे होऊ नये, बाळंतपणामुळे होऊ नये, म्हणून काय झाले हे २०१९ मध्ये बाहेर आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या काही शस्त्रक्रिया आवश्यक असतील. सगळ्या होत्या, असे म्हणायला कुणी पुढे यावे.

इथेनॉलमुळे हे झाले, असे मी म्हणत नाही. हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्या पिकाच्या मुळाशी हे आहे त्याच्या रसाला ‘स्वच्छ इंधन’ म्हणण्यापूर्वी जीभ अडखळली पाहिजे. धूर कमी झाला म्हणून वस्तू स्वच्छ होत नाही. ‘हरित’ हा शब्दही तसाच. फड हिरवा असतो, हे खरे. आमच्याकडे मे महिन्यात चार कोसांवर एखादा हिरवा चौकोन दिसतो आणि त्याच्या भोवती सारा करडा मुलूख. त्या चौकोनाच्या हिरवेपणाचा आणि मुलखाच्या करडेपणाचा संबंध शाळकरी पोरालाही सांगता येतो.

५

मग काय करावे? केवळ खंडन करून थांबणे हा टीकाकाराचा सोपा मार्ग आहे. तो मी घेणार नाही.

विजेवरच्या वाहनांकडे मी आशेने पाहते, परंतु डोळे उघडे ठेवून. महाराष्ट्राची वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र ज्या शहराच्या उशाशी आहे, तेथील माणसाला विचारले तर मुंबईतील मोटारीचा न दिसणारा धूर कुठे गेला हे तो सांगेल. तरीही येथे एक मूलभूत भेद आहे. कोळशाच्या विजेची जागा उद्या सूर्य घेऊ शकतो. उसाच्या पाण्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. एका एकरावरच्या सौर पट्ट्यांनी जेवढे अंतर वाहन चालेल, ते त्याच एकरातल्या उसाच्या इथेनॉलवर चालणाऱ्या अंतराच्या कितीतरी पट असते, आणि त्या एकराला पाटाची पाळी लागत नाही.

परंतु वीज आली म्हणून न्याय आला, असेही नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची पहिली ‘शिवाई’ धावली. हा प्रसंग मला राज्याच्या इंधनधोरणातला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो. पुढे काय झाले? २०२३ मध्ये ५,१५० विजेवरच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत. करोना आणि संप यांनंतर एसटीचा ताफा अठरा हजारांच्या आसपासवरून पंधरा हजारांच्या आतबाहेर उतरला. उलट २०२५ च्या धोरणाने विजेवरच्या खासगी मोटारींना अटल सेतूवर, समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पथकर माफ केला. बसलाही माफी आहे, हे खरे; परंतु आमच्या फाट्यावर जी बस येतच नाही, तिला कोणता कर माफ करणार? २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. या दोन निर्णयांनी जेवढी माणसे खासगी वाहनाविना हिंडू लागली, तेवढे इंधन कोणत्या मिश्रणाने वाचवले असेल? सर्वांत हरित इंधन म्हणजे न जाळलेले इंधन. आणि ते आपल्याकडे पंपावर मिळत नाही, स्थानकावर मिळते.

तेव्हा क्रम असा असावा. पहिले वाहन एसटीचे आणि शहरांतील बसचे. वीज, वायू जे जे नवे येईल ते आधी तेथे. इथेनॉल करायचे तर उरलेल्या मळीचे करा. ‘उप’ परत आणा. तुटीच्या खोऱ्यांत रसापासूनच्या इथेनॉलचा नवा प्रकल्प नको. तूर आणि ज्वारीला तीच शाश्वती द्या जी इथेनॉलला दिली.

यांत अव्यवहार्य काय आहे? पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम चार-पाचच होते: पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला, कुटुंबातल्या डोक्यांच्या हिशेबाने वाटा, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. ना त्यांनी उसाचा द्वेष केला, ना शेतकऱ्याचा. त्यांनी फक्त आधी माणसे मोजली आणि मग पाणी. साळुंखे २००२ साली गेले. दुसऱ्याच वर्षी राज्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे सुरू झाले. पर्याय आपल्याजवळ होता. आपण पर्यायवाची निवडला.

शेवटी भाषेच्या शिक्षिकेची एक क्षुल्लक मागणी. पंपावर मिश्रणाची टक्केवारी लिहिलेली असते. तिच्याखाली एक ओळ वाढवावी: या एका लिटरमागे इतके पाणी, आणि ते अमुक खोऱ्यातले. त्या ओळीने पेट्रोल स्वस्त होणार नाही की ऊस हटणार नाही. परंतु वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली जाईल.

दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरतात तेव्हा मी हजेरी घेते. एकेक नाव उच्चारून थांबते. काही नावांना उत्तर येत नाही. मागच्या बाकावरून कुणी तरी हळूच सांगते, ‘मॅडम, ती फडावर गेली.’ मी नावापुढे ‘गैरहजर’ लिहिते. ही माझी रोजची पर्यायोक्ती.